आडमुठ्यांची फळी

बर्फ बाजूला सारणारं इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं ते दौंडात, ऐन मे महिन्यात. पुढं नांगराच्या फाळासारखा लाल पत्रा, मागं वीतभर काळं इंजिन, पोटात चावी. मी हातात घेऊन विचारलं, "नाना, ह्ये काय नांगरतं?"

"बर्फ," नाना म्हणाले.

"दौंडात?"

"दौंडात बर्फ रसवंतीवाल्याकडं, तेवढाच. पण विलायतेत रुळांवर पडतो. एका ड्रायव्हरच्या घरी कुणा मामानं पाठवलं होतं. घरातल्या मुलांनी सगळा उन्हाळा त्याच्यानं अंगणातली माती ओढली. फाळाच्या घडीत बघा, अजून आहे."

मी भिंग लावलं. खरंच होती. वाळलेली, भुरी, भीमेकाठची माती. विचारलं, "धुऊन देऊ?"

"हात तर लावून बघा मिस्त्री!"

मी शिरूरचा. शाळा चौथी, तीही मास्तरशी भांडून सुटली. स्टो, गॅसबत्ती, शिलाई मशीन आन् चावीचं घड्याळ, या चार गोष्टींवर माझा संसार झाला. आता घरोघरी गॅस आला, भिंतीवर सेलची घड्याळं आली, तसं हातातलं काम गेलं. या अंकाचे संपादक साहेब म्हणाले, धंद्यातलं काही लिहा. म्हणालो, लिहितो. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा, पण माझं वाक्य जागचं हलवायचं न्हाई. स्टोचं सांगत बसत नाही, सगळे स्टो सारखेच बिघडतात. नानांच्या गाड्यांचं सांगतो. त्यातली एक मी बिघडवली. म्हंजे दुरुस्त केली. दोन्ही एकच झालं ते कसं, तेच सांगायचंय.

नाना दौंडचे रिटायर गार्ड. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. हिरवा आन् लाल झेंडा अजून दारामागं गुंडाळून ठेवलेला, पितळी शिटी खिळ्याला. पत्नी गेल्या, मुली सासरी. घराच्या दोन खोल्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांनी भरलेल्या. कुठून आणल्या? तर दौंडच्या रेल्वे कॉलनीत एके काळी अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची पुष्कळ घरं होती. एकेक घर उठून परदेशी गेलं. जाताना पलंग जायचे, कपाटं जायची, पियानोसुद्धा जायचा. खेळण्यातली गाडी कोण नेणार? ती नाना घेऊन यायचे. माझी त्यांची गाठ एका घड्याळापायी पडली. ते घड्याळ चालू झालेलं बघून त्यांनी कापडाचं झाकण काढून मला पहिली खोली दाखवली. मी सत्तरीला आलेला माणूस, पण दारातच चप्पल सोडली. देवळात सोडतो तशी.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. चावीच्या गाडीचं पोट घड्याळासारखंच असतं. आत पोलादी पट्टीची गुंडाळी, तिला आम्ही कमान म्हणतो. चावी दिली की कमान आवळते. सैल होता होता ती मोठं चाक फिरवते, मोठ्या चाकाचे दाते लहान चाकाला ओढतात, लहान चाक आसाला, आन् गाडी पळते. फरक एवढाच की घड्याळात कमानीला अडवून अडवून सोडायचं असतं, गाडीत एकदम मोकळी. ज्याला घड्याळ येतं त्याला गाडी येते, असं मला वाटायचं.

पहिल्या खोलीत चांगल्या गाड्या. एकसारखे डबे, रंग शाबूत, खोकी शाबूत. त्या बघायला पुण्यामुंबईचे शौकीन येतात. दुसऱ्या खोलीत एक लांब सागवानी फळी. तिला नाना आडमुठ्यांची फळी म्हणायचे. कुणाच्याच मेळात न बसणारे जीव तिच्यावर. बर्फाचं इंजिन तिथलंच. तिथंच एक हिरवा डबा, छापताना पत्रा उलटा लागलेला. चाकं खाली आन् खिडक्यांतली माणसं डोक्यावर उभी, एक टोपीवाली बाई उलटी बसून पेपर वाचतीय. कारखान्यात फेकून द्यायचा तो कुणीतरी विकला, आन् कुणीतरी घेतलाही. तिथंच रुळावरची हातट्रॉली, दोन पत्र्याची माणसं असलेली. दांडा एकच माणूस मारतो, दुसरा नुसती मान हलवतो. नाना सांगायचे, "हा आमचा इन्स्पेक्टर."

पण मला गार केलं ते एका ओबडधोबड डब्यानं. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून लोको शेडच्या कुण्या फिटरनं केलेला गार्डाचा डबा. आतून अजून ताडाच्या झाडाचं चित्र दिसतं. भिंगानं आत पाहिलं तर गार्डाची बसायची फळी, भिंतीला मोहरीएवढा कंदील, आन् त्या कंदिलाला उघडझाप होणारं दार. शिवणाच्या सुईनं मी ते उघडलं. आत वातसुद्धा होती. करणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. कुणाला दिसावं म्हणून त्यानं केलेलं नाही, बाहेरून दिसतच नाही ते. मी पन्नास वर्षं लोकांना माझं काम दाखवत आलो.

फळीवरच्या प्रत्येकाला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली. गार्ड लोक डायरी लिहितात तशा तोकड्या ओळी. आन् फळीचा एकच कायदा. नाना म्हणायचे, "मिस्त्री, इथलं काही बरं करायचं नाही. तेल द्या, धूळ पुसा. ज्याची जी खोड आहे ती राहू द्या." मी व्हय म्हणायचो. माझ्या धंद्याला न शोभणारी गोष्ट होती ती, पण फळी त्यांची.

गेल्या वर्षी श्रावणात नानांनी एक लहान काळं इंजिन माझ्यापुढं ठेवलं. बरोबर गोल रुळाचे तुकडे, दोन डबे आन् पत्र्याचा वीतभर प्लॅटफॉर्म. कॉलनीतल्या एका बंद घराच्या माळ्यावर सापडलेलं. डोरीन नावाच्या बाईंचं. वडील ड्रायव्हर. ते वारले तशा बाई पुण्याला भाचीकडं गेल्या. नाना म्हणाले, "कमान तुटलीय. तेवढी घाला. चालतं कसं ते बघितल्यावर ठरवू, पहिली खोली का दुसरी." चिठ्ठी अजून कोरी होती.

घरी आणून पोट उघडलं. तुटकी कमान निघाली. आन् मोठ्या पितळी चाकाला ओळीनं पाच दाते नाहीत! तुटलेले असते तर दातेरी खुंट राहतात. हे कानशीनं घासून सपाट केलेले. शेजारच्या दात्याची कड गोल. त्यात आणखी, आत एक पत्र्याचा छोटा पंखा. टोले देणाऱ्या घड्याळात टोल्यांचा वेग धरायला असतो, तसाच. गाडीत पंखा मी कधी पाहिला नव्हता. मी स्वतःशी म्हणालो, कुणा अडाण्यानं घड्याळाचं भंगार कोंबलंय आन् दाते खाऊन बसलाय. त्या पंख्यानं मला हाक मारून सांगितलं होतं, मिस्त्री, मी इथं का आहे ते विचार. मी विचारलं नाही. चौथी शिकलेला माणूस, पण दुसऱ्याला अडाणी म्हणायची मला फार घाई.

नानांनी कमान सांगितली होती. मी कमान घातली आन् दातेही घातले. चाकात आत रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच कापली, तिच्यात बाजूनं पितळेचा तुकडा सरकवला, चांदीचा डाग देऊन सांधला, त्या तुकड्यात पाच दाते कानशीनं काढले. तीन दिवस लागले. झाल्यावर भिंगाखाली धरलं तर जुने कुठले आन् नवे कुठले, माझं मलाच कळेना. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. मंडळींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं हाय," आन् भाकरी उलटायला गेल्या.

बुधवारी दौंडला गेलो. नानांच्या खोलीत जमिनीवर रूळ जोडले, डबे लावले, प्लॅटफॉर्म ठेवला. चावी दिली. गाडी जी सुटली ती चार फेरे एका दमात. नाना खूश. म्हणाले, "थांबा, बाईंना ऐकवू. त्यांना दिसत नाही, जन्मापासून नजर अधू, आता तर गेलीच. पण कान शाबूत आहेत." फोन लावला, आवाज मोठा करून रुळाशेजारी ठेवला, मी पुन्हा चावी दिली. पलीकडून म्हातारा, बारीक आवाज, "चल रही है! पापा की गाड़ी चल रही है!"

मी छाती काढून बसलो. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, "गार्डसाब, रुकती क्यूँ नहीं?"

"कुठं थांबायची बाई?"

"स्टेशन पे! हर चक्कर पे स्टेशन पे रुकती थी ना."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणी पळती गाडी त्यांना दिसायची नाही, हातालाही लागायची नाही. वडिलांनी ड्यूटीवरून आल्यावर त्या इंजिनाला थांबायला शिकवलं. प्लॅटफॉर्मपाशी गाडी उभी राहायची. पोरीनं चाचपून डब्यात बाहुल्या बसवायच्या, सात आकडे मोजायचे, टिनाची शिटी वाजवायची, की गाडी सुटायची. "पापा ड्रायव्हर, मैं गार्ड. दस साल की होने तक मुझे लगता था, गाड़ी मेरी सीटी से छूटती है." मोठ्या झाल्यावर वडिलांनी गुपित सांगितलं. चाकाचे दाते घासले होते. एक दाता घासायचा, गाडी चालवून बघायची, पोरीचं मोजणं ऐकायचं. पुरलं नाही की पुढचा दाता. पाचव्याला तिचे सात आकडे पुरे झाले.

मी इंजिन उचलून हातात घेतलं. पंखा कशाला होता ते कळलं. मोठं चाक एकदा फिरलं की गाडीचा रुळावर एक फेरा होतो. दाते नसलेली जागा आली की आसाला ओढणारं कुणी उरत नाही, गाडी उभी राहते. कमान मात्र आत सुटतच असते. ती भर्रकन सुटून जाऊ नये म्हणून वेगळ्या चाकावर बसवलेला पंखा तिला धरून हळूहळू फिरू देतो. दाते पुन्हा आले की गाडी सुटते. गोल कड कशाला? पहिला दाता अडकू नये, हळूच शिरावा, म्हणून. ज्याला मी अडाणी म्हणालो तो कोळशाच्या धगीतून घरी येऊन, लेकीच्या मोजण्यावर दाते घासत बसला होता.

बाई विचारत होत्या, "मैं संडे को आऊँ? रुकेगी ना?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "या बाई," म्हणाले आन् फोन ठेवला. मग मला, "मिस्त्री, पोटात काय केलंत?"

कमान घातली एवढंच सांगता आलं असतं. पण खोटं बोलायला नानांसमोर जीभ उचलेना. "पाच दाते घातले," मी म्हणालो.

नाना रागावले असते तर मी भांडलो असतो, भांडायला मला येतं. ते नुसते कोरी चिठ्ठी बोटात फिरवत बसले. मग म्हणाले, "आज बुधवार."

इंजिन मंडळींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून शिरूरला आणलं. चाक काढलं, भिंग लावलं, उन्हात धरलं. जोड सापडेना. माझे दाते कुठले, त्या ड्रायव्हरनं राखलेले कुठले? चुकीच्या जागी कानस लावली तर त्याचेही जातील. आयुष्यभर एकच शेखी मिरवली, माझा जोड कुणाला सापडत न्हाई. आता मलाच सापडेना. गुरुवार असा गेला.

थोरला रांजणगावला कंपनीत मशीनवर आहे. तो म्हणाला, "आबा, कशाला डोकं लावता? माप द्या. नवीन चाकच कापून आणतो, पाच दाते कमी. एक नंबर फिनिशिंग."

"त्या चाकाला तिच्या बापाचा हात लागलाय का?" मी म्हणालो.

"तिला कुठं दिसतंय?"

"मला दिसतंय की."

शुक्रवारी सकाळी मंडळी देवाची भांडी घासत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आवं, चिंच लावा की त्याला."

"कशापायी?"

"समई न्हाई का जोडली तुम्ही गेल्या साली? चिंचेनं घासली की जोड पांढरा होऊन वर येतो. दर शुक्रवारी बघते मी."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"तुमच्या जोडाला नाव ठेवून जायचं कुठं?"

म्हंजे घरात माझा जोड दर आठवड्याला सापडत होता. फक्त मला कुणी सांगत नव्हतं. चिंचेच्या कोळात चाक टाकलं, ते चकचकीत पिवळं निघालं, आन् त्यात केसाएवढी पांढरी रेघ. वाटीतली उरलेली चिंच मी स्वतः उचलून ठेवली. एवढं पुरे असतं आमच्यात.

कानस लावायची नव्हती. तुकडा होता तसा बाहेर काढायचा होता. बाकीच्या चाकाला ओल्या मातीचा लेप दिला, तुकडा तेवढा उघडा ठेवला, फुंकनळीनं ज्योत धरली. चांदी वितळायची ती धग आन् पितळ पाघळायची ती धग, यांच्यात फार अंतर नसतं. एक श्वास जास्त झाला तर चाकच विरघळणार आन् सगळं संपणार. डोळे त्या रेघेवर ठेवले. पांढरी रेघ ओली दिसायला लागली तशी बाजूनं टिचकी दिली. तुकडा सरकला आन् परातीत पडला.

खाच उघडी झाली, पण तिच्या तळाशी काही नव्हतं. त्या माणसाच्या कानशीच्या रेघा तिथं होत्या, त्या मीच खाच कापताना घालवल्या. त्या आता परत येणार नाहीत. हे मी कुणाला बोललो नाही, इथं लिहितोय.

सगळं जोडून कमान भरली आन् इंजिन हातात उचलून धरलं. चाकं फिरली. फिरता फिरता थांबली. मी कान लावला. आत पंखा भिरभिरत होता, माशीच्या पंखासारखा. गाडी उभी होती आन् तिच्या पोटात वेळ चालली होती. एक, दोन, तीन... सातला चाकं पुन्हा फिरली. अंगणात मी ते किती वेळा केलं ते मोजलं नाही. शेजारीण विचारून गेली, "आबांना काय झालं?"

रविवारी बाई भाचीचा हात धरून आल्या. फुलाफुलांचा झगा, पांढरे बारीक केस, टाचांशिवायचे बूट. नानांनी खाली गादी घातली होती. बसल्या आन् रुळावरून बोटं फिरवत बरोबर प्लॅटफॉर्मपाशी आल्या. तिथं हात उताणा ठेवला.

मी चावी दिली. गाडी निघाली, फेरा पुरा केला, प्लॅटफॉर्मशी आली आन् उभी राहिली. बाईंची बोटं डब्यावर टेकली. दार, खिडकी, छप्पर, पुन्हा दार. ओठ हलत होते. सात झाले तशी गाडी त्यांच्या बोटांखालून हळूच निघून गेली. त्यांनी हात तसाच हवेत ठेवला.

नाना उठले. खिळ्यावरची पितळी शिटी काढली आन् त्यांच्या हातात दिली. "गार्ड तुम्ही," म्हणाले.

गाडी दुसऱ्यांदा थांबली. बाईंनी मोजलं आन् सातला शिटी फुंकली. गाडी सुटली. आम्हा सगळ्यांना आतली चाकं माहीत होती, पंखा माहीत होता. तरी त्या खोलीत ती गाडी शिटीनंच सुटली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कुणी काही म्हणो.

मग मी आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला बोललो नाही ते बोललो. "बाई, ही मी बिघडवली होती. दाते घालून."

"सुधारा था ना?"

"व्हय."

"पापा को भी सुधारने की आदत थी. पूरा शेड डरता था. ये एक ही चीज़ उसने जान के बिगाड़ी." त्यांनी माझा हात मागितला, तळवा चाचपला, अंगठ्याचा घट्टा दाबून पाहिला. "ये लोको शेड का हाथ है."

"न्हाई बाई, शिरूरचा हाय," मी म्हणालो. त्या हसल्या.

बाई इंजिन घेऊन गेल्या नाहीत. म्हणाल्या, ते इथंच असू दे, मी येत जाईन. आन् येतात. त्या आल्या की नाना शिटी काढून ठेवतात.

पुढच्या खेपेला मी गेलो तर इंजिन दुसऱ्या खोलीत, फळीवर, बर्फाच्या इंजिनाशेजारी बसलेलं. त्याच्या पुढ्यात काडेपेटीचा खोका, आत कापूस, आन् कापसावर माझा पितळेचा तुकडा, त्या रविवारी मी नानांच्या हातात ठेवला होता तो. पाच दात्यांचा. त्यालाही सुतळीनं चिठ्ठी. मला वाचायला वेळ लागतो, नानांनी लावू दिला.

"पाच दाते. काम अव्वल. गरज नव्हती. मिस्त्री, दौंड."

मी चिठ्ठी दोनदा वाचली. त्या फळीवर मोहरीएवढ्या कंदिलाच्या रांगेत माझं काम होतं. बोलायचं बरंच होतं, बोललो एवढंच, "नाना, दौंड खोडा. शिरूर लिहा."

त्यांनी खोडलं.